नाखवांचा बोंबील

आमच्या कारखान्यातून नवं मशीन बाहेर पडायच्या आधी त्याच्या दोन पूजा व्हायच्या. एक नारळाची. ती आमचे मालक दामले साहेब करायचे, हळदकुंकू, अगरबत्ती, सगळं यथासांग. आणि तिच्याआधी एक बोंबलाची. ती नाखवांची.

वागळे इस्टेटच्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली आम्ही श्रिंक रॅपिंगची मशिनं बनवायचो. साबणाच्या वड्या, वह्या, औषधाच्या बाटल्या यांच्या गठ्ठ्यावर प्लास्टिकचं घट्ट आवरण असतं ना, ते चढवणारी मशिनं. गठ्ठा पट्ट्यावरून येतो, खालून-वरून फिल्म त्याला लपेटते, मग एक तापलेला जबडा खाली येऊन ती फिल्म चिकटवतो आणि कापतो. पुढे भट्टीतून गेलं की फिल्म आकसून अंगाला बसते. यातलं सगळ्यात अवघड काम जबड्याचं, आणि जबडा म्हणजे नाखवा.

मशीन तयार झालं की त्या दिवशी नाखवा कळव्याहून येताना ओल्या फडक्यात गुंडाळून एक ताजा बोंबील आणायचे. मशीन चालू करून तो जबड्याखाली आडवा ठेवायचे. जबड्याच्या पुढे एक हलकी पट्टी लोंबत असे. तिला काही लागलं की आतला स्विच दबायचा आणि हवेच्या दाबाने जबडा आल्या वाटेने वर जायचा. मग नाखवा बोंबील उजेडात धरून उलटासुलटा बघायचे. डाग नाही, चीर नाही अशी खात्री पटली की शर्टाची बाही कोपरापर्यंत वर करायचे आणि स्वतःचा उजवा हात त्याच जागी घालायचे. जबडा पुन्हा वर.

"बरा हाय," ते म्हणायचे. त्यानंतर दामले साहेबांना नारळ फोडायची मुभा.

दामले साहेब नौपाड्यातले, पिढ्यान्‌पिढ्यांचे शाकाहारी. लक्ष्मीच्या स्वागताला कारखान्यात मासळीचा वास, हे त्यांच्या पचनी पडणं कठीणच होतं. एकदा त्यांनी अगदी गोडीत विचारलं, "नाखवा, केळ्यावर नाही का होणार हे?"

"केल्याला हाड नसतं, साहेब."

"बोंबलाला तरी कुठे असतं?"

"असतं. बोटासारखंच, जरासं."

यावर साहेबांनी नाकाला रुमाल लावला, आणि तो पुढे कित्येक वर्षं प्रत्येक पूजेच्या वेळी लागत राहिला. पास झालेला बोंबील गेटवरच्या मांजरीला मिळायचा. डिस्पॅचचा दिवस त्या मांजरीला आमच्याआधी कळायचा.

मी तिथे लागले ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, डिप्लोमा झाल्या झाल्या. माझ्या नेमणूकपत्रावर 'ड्राफ्ट्समन' असं छापलेलं होतं आणि ते दुरुस्त करायचं कोणाच्या मनातही आलं नाही. डोंबिवलीहून डबा घेऊन यायचं, ड्रॉइंग बोर्डाला कागद चिकटवायचा आणि संध्याकाळपर्यंत रेघा मारायच्या. माझ्या रेघांचा मला भारी अभिमान होता. पहिल्याच आठवड्यात नाखवांनी तो उतरवला. मी दिलेलं ड्रॉइंग त्यांनी टेबलावर न ठेवता जमिनीवर पसरलं, चपला काढल्या आणि पाऊल टाकून सरळ त्या कागदावरच उकिडवे बसले.

"काका, अहो, शाई आहे."

"सुकली नाय अजून?"

"सुकली आहे, पण..."

"मग बस तू पन. इथं बस, या नटाजवल. आता सांग बाय, तुझा हात जातो का तिथं, पाना घेऊन?"

मी बसले. पान्यासकट माझा हात जात नव्हता. मी मशीनच्या दोन भिंतींच्या मध्ये नट रेखाटून ठेवला होता, दिसायला सुबक, पण आवळायला देवच यायला हवा होता. त्यानंतर माझं प्रत्येक ड्रॉइंग आम्ही दोघं आधी जमिनीवर बसून बघायचो. लोक हसायचे. मीही सुरुवातीला हसायचे, मग सवय झाली.

नाखवा म्हणजे बुटके, काळेसावळे, रुंद मनगटांचे गृहस्थ. वडिलांची कळव्याच्या खाडीत होडी होती. हे मात्र आयटीआय करून फिटर झाले आणि चढत चढत आमचे फोरमन. खिशात स्टीलची पट्टी आणि बडीशेपेची डबी. बोलणं मोजकं. त्यांच्याकडे शाबासकीचे दोनच शब्द होते. काम चांगलं असेल तर 'बरा हाय' आणि वाईट असेल तर 'बघू'. माझ्या वाट्याला पहिली दोन वर्षं 'बघू' आलं.

आणखी एक खोड होती. ते कुणाला थांबवून बोलायचे नाहीत. एखादा कामगार लोखंडी पट्टी खांद्यावर घेऊन चालला असेल आणि नाखवांना त्याला काही सांगायचं असेल, तर ते त्याच्या शेजारून त्याच्याच चालीने चालू लागायचे, काय ते सांगायचे आणि बाजूला व्हायचे. तो आपल्या वाटेने पुढे, हे परत आपल्या जागी. दामले साहेबांशीही असंच. साहेब शेडमधून ऑफिसकडे निघाले की नाखवा बाजूने चालत, दारापर्यंत पोचायच्या आत मंजुरी घेऊन मागे फिरत.

या खोडीचा उल्लेख मी उगाच करत नाहीये. आमची जुनी मशिनं थांबत थांबत चालायची. गठ्ठा आला की पट्टा थांबायचा, जबडा खाली यायचा, चिकटवायचा, वर जायचा, मग पट्टा पुन्हा सुरू. साबणाला हे चालायचं. पण डोंबिवली एमआयडीसीतल्या एका वह्यांच्या कारखान्याने ऑर्डर दिली, आणि त्यांच्या डझनभर वह्यांची उंच चळत प्रत्येक थांब्याला पुढे झुकायची आणि कोसळायची. त्यांचं म्हणणं होतं की पट्टा थांबताच कामा नये. शाळा सुरू व्हायच्या आधी सगळा माल बाजारात जायला हवा, म्हणजे मशीन मेच्या सुरुवातीला पाहिजे. नाहीतर ते दुसरीकडून घेणार. असं मशीन आम्ही कधी केलं नव्हतं. ठाण्यात कुणीच केलं नसावं.

दामले साहेबांनी परदेशी कॅटलॉगमधलं चित्र दाखवलं. चित्रावरून काहीच कळत नव्हतं. नाखवांनी ते बराच वेळ पाहिलं, मग मला म्हणाले, "ऊठ, चाल." मी शेडमधून चालायला लागले. ते मागून आले, माझ्या बरोबरीला आले, माझ्या खांद्यावर हात टेकवला, चार पावलं तसेच माझ्यासोबत चालले, हात उचलला आणि झपाझप मागे गेले. पुन्हा आले, पुन्हा टेकवला.

"कललं? गठ्ठ्याला थांबवायचं नाय. जबड्यानं खाली यायचं, गठ्ठ्यासोबत चालायचं, तेवढ्यात चिकटवायचं, वर व्हायचं, पलत मागं जायचं. पुढच्या गठ्ठ्याला वेलेवर हजर."

म्हणजे जबडा हवेत एक चौकोन काढणार होता. खाली, पुढे, वर, मागे. त्यासाठी दोन कॅम लागणार होते. कॅम म्हणजे वेड्यावाकड्या कडेची लोखंडी चाकं, फिरताना जबड्याला ढकलणारी. एकाने वर-खाली, दुसऱ्याने पुढे-मागे. त्यांच्या कडांचे आकार मी पंधरा दिवस बसून काढले. प्रत्येक अंशाला एक रेघ. त्या पंधरा दिवसांत नाखवा रोज माझ्या बाजूला येऊन बडीशेप खायचे आणि निघून जायचे.

मग मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुबक चूक केली. तेव्हा पद्धत अशी होती की कॅमचा आकार ट्रेसिंग पेपरवर खऱ्या मापाने काढायचा, तो कागद लोखंडी प्लेटवर चिकटवायचा आणि रेघेवर ठोके मारून त्याबरहुकूम कापायचं. नाखवा त्या दिवशी पुतणीच्या लग्नाला गेलेले. कागद मीच चिकटवले. आणि कारागिराच्या घामट हाताने माझी सुंदर शाई पुसली जाऊ नये म्हणून शाईची बाजू खाली करून चिकटवले. ट्रेसिंग पेपर आरपार दिसतो, रेघ काही लपत नाही. फक्त डाव्याचं उजवं होतं.

दोन्ही कॅम कापले गेले, तापवून कडक केले गेले, बसवले गेले. मशीन चालू केलं, तर जबडा खाली आला आणि वह्यांच्या सोबत जायच्या ऐवजी त्यांच्यावर उलटा चालून आला. चळत उधळली. एक वही दामले साहेबांच्या पायाशी येऊन पडली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कागद उलटा गेल्याचं माझ्या एव्हाना लक्षात आलं होतं. नवे कॅम करायला तीन आठवडे लागले असते. तेवढे आमच्याकडे नव्हते.

नाखवा मशीनच्या मागे गेले, हाताने चाक उलटं फिरवून पाहिलं आणि परत आले.

"साहेब, कॅम उलट्या बाजूनं फिरवायचे हायत. मध्ये एक गिअर घालायचा राहिला. उद्या घालतो."

"राहिला म्हणजे? ड्रॉइंगमध्ये नव्हता?"

"माझ्या डोक्यात होता," नाखवा म्हणाले. आणि ते साहेबांच्या सोबत ऑफिसकडे चालू लागले.

उलटा कापलेला कॅम उलटा फिरवला की सुलटा चालतो. इतकं साधं होतं ते, पण मला शंभर वर्षांत सुचलं नसतं. संध्याकाळी मी त्यांची माफी मागायला गेले तर म्हणाले, "शाई बरी हाय तुझी. पुसली नाय कुठं." दोन वर्षांत मिळालेला तो माझा पहिला 'बरा हाय', आणि तोही शाईला.

मशीन सुरेख चाललं. चळत हलत नव्हती की डुलत नव्हती. वह्यांच्या कारखान्याचा टेम्पो गेटवर येऊन उभा राहिला, त्यांचा मॅनेजर घड्याळ बघत होता, ताटात नारळ होता. नाखवांनी फडकं सोडलं आणि बोंबील ठेवला.

जबडा खाली आला. पट्टी बोंबलाला लागली, स्विच दबला, मोटर बंद झाली. पण हा जबडा हवेवर नव्हे, कॅमवर चालणारा; मोटर बंद झाली तरी इतकं जड चाक दोन बोटं पुढे जातंच. बोंबलाचे दोन तुकडे झाले आणि शेडभर तळल्याचा वास सुटला.

मॅनेजर म्हणाला, "अहो, कापायचंच मशीन आहे. कापलं, चांगलं झालं की."

"नाखवा, जाळी लावू," दामले साहेब म्हणाले. "बोर्ड लावू, हात घालू नये म्हणून. आज मशीन गेलं पाहिजे. हे लोक थांबणार नाहीत, तुम्हाला माहीत आहे. ही ऑर्डर गेली तर पुढच्या महिन्यात या शेडचं काय करायचं ते मला माहीत नाही."

तेही खरं होतं. तो माणूस वाईट नव्हता. चाळीस घरं त्याच्यावर चालत होती, त्यातलं एक माझं.

नाखवांनी मशीन पुन्हा सुरू केलं आणि बाही वर करायला लागले. सावकाश, एकेक घडी. हात पट्ट्यावर गेला, जबडा परतीच्या वाटेवर होता, आणि दामले साहेबांनी धावत जाऊन मेन स्विच खाली खेचला. शेडमधले दिवेसुद्धा गेले.

"वेड लागलंय का तुम्हाला?" साहेब ओरडले.

"माझा हात जाऊ नये वाटला ना, साहेब? तिकडं कुनाचा जाईल ते तुमी बघनार नाय, मी बी बघनार नाय."

मग त्यांनी कल्याणच्या कुमुदची गोष्ट सांगितली. आमच्या पहिल्यावहिल्या मशीनवर, साबणाच्या कारखान्यात, ती कामाला होती. त्या मशीनला पट्टी नव्हती, स्विच नव्हता. बनवलं नाखवांनीच. एक वडी वाकडी झाली, ती सरळ करायला कुमुदने हात घातला आणि दोन बोटं गेली. ती गोष्ट दामले साहेबांना माहीत होती. नाखवा इस्पितळात गेले तेव्हा ती काय म्हणाली, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

"मना म्हनाली, काका, चूक माझीच, मीच हात घातला. एवढीशी पोर. साहेब, वाकडं दिसलं की हात जातोच. जाली लावा, बोर्ड लावा, तो जानारच. मानसाचा हात हाय तो. मशीननं आधी विचारायला पाहिजे, मग चावायचं."

दामले साहेबांनी मॅनेजरला बाजूला नेलं आणि हात जोडून एक आठवडा मागितला. मॅनेजर खूप बोलला. साहेबांनी ते सगळं ऐकून घेतलं. टेम्पो रिकामा गेला.

तो आठवडा आम्ही जमिनीवर काढला. कागदाच्या एका कोपऱ्यावर मी, दुसऱ्यावर नाखवा, आणि तिसऱ्यावर, चपला काढून, चक्क दामले साहेब. उपाय निघाला तो नाखवांच्या शेवटच्या वाक्यातूनच. जबडा कॅमने दाबायचाच नाही. कॅमने फक्त उचलायचा, खाली येईल तो हलक्या स्प्रिंगने. आणि तापलेलं पातं आत लपवायचं. आधी एक थंड गादी गठ्ठ्याशेजारी टेकणार. ती अगदी फिल्मपर्यंत खाली पोचली तरच पातं बाहेर डोकावणार. मध्ये बोट आलं तर स्विचने पट्टा थांबेपर्यंत गादी बोटावर नुसती टेकून राहणार आणि पातं आतच.

आठव्या दिवशी बोंबील पास झाला. मग नाखवांनी बाही वर केली. त्या वेळी मी डोळे मिटले होते हे आता कबूल करायला हरकत नाही. उघडले तेव्हा ते बोटं माझ्यासमोर धरून उभे होते. बोटांवर गादीची एक फिकट रेघ उमटली होती, झोपेतून उठल्यावर गालावर उशीची उमटते तशी.

"बरा हाय," ते म्हणाले. दामले साहेबांनी नारळ फोडला आणि प्रसादाचा पहिला तुकडा नाखवांच्या हातात दिला, बोंबलाचा वास असलेल्या हातात, नाकाला रुमाल न लावता. मला तेव्हा रडू आलं होतं आणि मी ते अगरबत्तीच्या धुराच्या नावावर खपवलं.

नाखवा पुढे रिटायर झाले. शेडमध्ये कॉम्प्युटर आला, ड्रॉइंग बोर्ड गेला, मी डिझाइनची प्रमुख झाले. नव्वदीच्या अखेरीस त्या वह्यांच्या कारखान्यातून निरोप आला की कॅमची कड झिजली आहे, नवीन करायचा आहे. मला एकटीला जाववेना. कळव्याला निरोप धाडला. नाखवा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून डोंबिवलीला आले. चालणं मंदावलं होतं. या वेळी मी त्यांच्या चालीने चालले.

मशीनवर विशीतली एक मुलगी बसली होती. शेजारणीला आपल्या नणंदेची काहीतरी लांबलचक कागाळी सांगत होती. मधली एक वही तिरकी झाली. मुलीने हात घातला. थंड गादी तिच्या बोटांवर येऊन टेकली, पट्टा थांबला, जबडा वर गेला. तिने वही सरळ केली, बटण दाबलं, मशीन सुरू. नणंदेची कागाळी कुठेही तुटली नाही. तिने त्या जबड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तासाभरात असं चार-पाचदा झालं असेल.

नाखवा बघत होते. बघता बघता पुढे सरकले आणि स्प्रिंगचा जोर अजमावायला त्यांचा उजवा हात जबड्याकडे गेला.

"ओ काका," ती मुलगी एकदम ओरडली, "हात मागे घ्या आधी. मशीन आहे ते, खेळ नाही. लागलं म्हणजे?"

मी तिला सांगायला तोंड उघडलं की बाई गं, हे कोण आहेत तुला माहीत आहे का. नाखवांनी मान हलवून मला गप्प केलं.

"हो बाय, चुकलं," ते म्हणाले, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे, तिच्यापासून दोन पावलं लांब जाऊन उभे राहिले. पुढच्याच वर्षी ते गेले. मला ते आठवतात ते असेच, हात मागे घेतलेले आणि चेहऱ्यावर इतकं समाधान, की नणंदेची कागाळी संपेपर्यंत तिथून हलायलाच तयार नव्हते.